चंद्रव्वा: बेळगावच्या जमिनीखाली राहणारी काळ्या साडीतली बाई (चित्रकथेसाठी चर्चा)

रेघारंग, शहापूर-बेळगाव

नमस्कार मंडळी,

मराठीत डार्क फँटसी चित्रकथा करायला घेतली आहे. नायिका गॉथिक वळणाची: काळा पोशाख, डोळ्यांत दाट काजळ, चेहऱ्यावर फार जुनं दुःख, आणि राहायला जमिनीखालचं एक अख्खं नगर. नाव चंद्रव्वा. आपल्या भागात मराठी घरातही आजीला अव्वा म्हणणारे आहेत, म्हणून हे नाव मला जवळचं वाटलं.

अशा बाईचं चित्र म्हटलं की कवट्यांचं सिंहासन, साखळदंड, लेसची घट्ट चोळी आणि पांढराफटक चेहरा एवढं सगळ्यांच्या हाताला आपोआप येतं. जगभर हजारो लोक ते काढतात आणि फार सुंदर काढतात. माझी चंद्रव्वा मात्र खानापूर, हलशी, हुक्केरी, सौंदत्ती या पट्ट्याच्या पोटातली असायला हवी. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण रोज जिच्यावरून चालतो त्या जमिनीखाली ती आहे.

नगराचा दगड ठरला आहे. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, आणि साल १२०४. मंडपात मान वर केली की छतातून खाली उतरलेलं दगडी कमळ दिसतं, आणि आत काळ्या दगडातले नेमिनाथ. तो काळा मला भीतीचा कधी वाटला नाही, पण तिथे आवाज आपोआप खाली येतो. तसं नगर हवं आहे.

अडलंय ते असं. खाली उजेड कुठून येतो? तिची साडी काळी का? आणि ती खाली गेलीच का? तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत मी पहिलं पान काढणार नाही.

दगडवेडा, बेळगाव

विषय मनाजोगता निघाला, म्हणून सविस्तर लिहितो.

युरोपातली गॉथिक चर्चं मुळात उजेडासाठी बांधलेली. टोकदार कमान आणि बाहेरून टेकू दिल्यामुळे भिंतीवरचा भार कमी झाला, भिंतीत मोठाल्या खिडक्या काढता आल्या, त्यांत रंगीत काचा बसल्या. त्या इमारतींना काळोख चिकटला तो फार नंतर, अठराव्या शतकात, जेव्हा इंग्रज लेखकांनी जुने वाडे आणि पडके मठ भयकथांसाठी निवडले. त्या घाटणीची इमारत पाहायला लांब जायला नको, कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च आहेच. पण तिथे नजर वर जाते.

आपल्या देवळात माणूस आत जातो आणि प्रत्येक उंबऱ्याला उजेड कमी होतो. मुखमंडप उघडा, सभामंडप अर्धवट अंधारा, अंतराळ त्याहून, आणि गाभाऱ्यात फक्त समई. म्हणजे काळोखात उतरण्याचा नकाशा आपल्याकडे आठशे वर्षं तयार आहे. चंद्रव्वाचं नगर पायऱ्यापायऱ्यांनी गाभाऱ्यासारखं आत जाऊ द्या. सगळ्यात आतल्या ठिकाणी काय आहे हे वाचकाला शेवटपर्यंत कळू नये.

आणखी एक. त्या काळातले खांब चरकावर फिरवून गुळगुळीत केलेले असतात. एक दिवा ठेवला की प्रत्येक खांबावर त्याची उभी रेघ उमटते. दहा खांब असतील तर एका दिव्याच्या दहा रेघा. काळ्या पानावर पांढऱ्या शाईने हे काढून बघा.

वाचनवेडा, येळ्ळूर

उजेडाचं उत्तर भागवतात आहे. पाचव्या स्कंधात अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताळ या सात लोकांचं वर्णन येतं. तिथे सूर्य पोचत नाही, म्हणून दिवस-रात्रही नाहीत, आणि नागांच्या फण्यावरच्या मण्यांनी अंधार दूर होतो. या लोकांना तिथे बिलस्वर्ग म्हटलं आहे: बागा, वाडे, मयासुराने बांधलेली नगरं, आणि स्वर्गाहूनही जास्त ऐश्वर्य. नरक वेगळा, त्याचं वर्णन पुढे स्वतंत्र येतं.

म्हणजे आपल्या कल्पनेत जमिनीखालची जागा ही शिक्षेची जागा नव्हे. नायिका तिथे बंदिवान असायलाच हवी असं नाही, ती तिथली घरवाली असू शकते. मला यात मोठी ताकद दिसते. आणि जिथे दिवस-रात्र नाही तिथे दुःख जुनं होत नाही. वर दोनशे वर्षं जातील, तिला ते काल घडल्यासारखं असेल.

सायली_पुणेकर (माहेर टिळकवाडी)

वाचनवेडा, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

रेघारंग, मणी नको गं. मणी चमकायला लागले की व्हिडिओ गेमसारखंच दिसेल. दिवा ठेव. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसात आहे, ते पाहिलं नसशील तर आधी जाऊन पाहा. चेहऱ्यावर पडलेला सगळा उजेड एका ज्योतीचा, आणि ज्योतीपुढे धरलेल्या हाताची बोटं कडेने लाल झालेली. त्यांची मुलगीच समोर उभी होती. त्या चित्रात अंधार किती आहे हे मोजून बघ. बहुतेक कागद अंधाराचाच आहे, तरी आपल्याला आठवतो तो उजेड.

रानवाटा, खानापूर

अक्का, जमिनीखालचं नगर पाहिजे म्हणालीस म्हणून आमच्याकडच्या गुहांचं लिहितो. माझं गाव भीमगड जंगलाच्या कडेला. कृष्णापूर आणि तळेवाडीच्या मधे बारापेडे गुहा आहेत. तिथं जे वटवाघूळ राहते ते साधं नव्हे. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली ती इथल्याच नमुन्यांवरून, आणि त्यानंतर कितीतरी दशकं जगात दुसरीकडं कुठं ते माहीतच नव्हतं. पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं.

मी त्याचे फोटो नीट बघितलो आहे. तुझ्या बाईसाठीच जन्मलंय म्हणायचं. अंगावर चकाकणारी काळपट तपकिरी लव, मानेशी फिकट करडी पट्टी कॉलरसारखी, आणि कान एवढे मोठे की कपाळावर एकमेकाला जोडलेले. परदेशी चित्रात वटवाघूळ म्हणजे दात आणि रक्त. हे बिचारं किडे खाते. माद्या पिल्लं घेऊन एकत्र राहतात, चिकटून, अंधारात. तिच्या भोवती ही लेकुरवाळी वटवाघळं काढ. ती त्यांच्यासाठी आवाज खाली ठेवते असं दाखव.

एक मात्र सगळ्यांना हात जोडून सांगतो. हे वाचून कोणी गुहा बघायला येऊ नका. अभयारण्य आहे, परवानगी लागते, आणि माणूस टॉर्च घेऊन आत शिरला की पिल्लं धरलेल्या माद्या उडतात, पिल्लं खाली पडतात. चित्र घरी बसून काढता येते.

उतरायचा रस्ताही सांगतो. आमच्याकडं वरती तांबडा जांभा, भोकं भोकं असलेला, पावसाचं पाणी सगळं पिणारा. त्याच्याखाली काळा कातळ. विहीर खणताना हे दिसते. तेव्हा तुझी पानं वरून तांबडी सुरू होऊ देत आणि खाली जाताना काळी होऊ देत.

रेघारंग, शहापूर-बेळगाव

रानवाटा, तांबड्यातून काळ्यात हे घेतलं. पहिली सहा पानं त्याच रंगात जातील. गुहेचं नाव आणि जागा चित्रकथेत येणार नाही.

सायली, दिवाच ठेवते. पण मग तेल आलं, धूर आला, हवा आली. खाली माणूस जगतो कसा?

पाणक्या, विजयपूर

हवेचं सांगतो. आमच्याकडे तोरवीजवळची सुरंग बावडी आदिलशाहीतली. जमिनीखालून बोगद्याने पाणी शहरात आणलेलं, आणि बोगद्यावर ठरावीक अंतराने वर उघडणारी उभी विवरं. पुण्याच्या कात्रजच्या नळालाही तशी आहेत, त्यांना उच्छ्वास म्हणतात. चंद्रव्वाच्या नगराला असे उच्छ्वास द्या. वरच्या गावांना त्या साध्या विहिरी वाटतात. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर आला की प्रत्येक विवरातून उजेडाचा एक खांब खाली पडतो, थोडा वेळ टिकतो आणि जातो. तिचा दिवस तेवढाच.

जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपले लोक दिवा सोडतात, विझला तर उतरत नाहीत. कथेत वापरायला चांगलं आहे. पण वाचणाऱ्या मुलांसाठी लिहून ठेवतो: दिवा जळत राहिला म्हणजे हवा चांगली असं खात्रीने म्हणता येत नाही. काही विषारी वायू दिवा विझवत नाहीत. बंद विहिरीत कोणी उतरू नये.

निपाणीची मावशी

बाळ, सगळे दगड-मातीचं बोलताहेत, मी साडीचं बोलते.

परदेशी बायकांचा तो काळा पोशाख शोकाचा. व्हिक्टोरिया राणीचा नवरा १८६१ मध्ये गेला आणि १९०१ मध्ये स्वतः मरेपर्यंत तिने काळा सोडला नाही. चाळीस वर्षं. दागिनेसुद्धा काळ्या जेट दगडाचे. तिथून ती रीत पसरली आणि पुढे तरुण पोरींनी ती आवडीने उचलली.

आपल्याकडे विधवेला काळं कधी नव्हतं. तिला आलवण होतं, तांबडं. काळं आपण संक्रांतीला नेसतो. चंद्रकळा म्हणजे नव्या नवरीचा सण, अंगावर हलव्याचे दागिने. मंगळसूत्राचे मणी काळे. आणि आपल्या या भागात तर धारवाडपासून इकडे नवरीला काळी रेशमी चंद्रकाळी द्यायचीच रीत होती, कसुतीने भरलेली. तुझ्या बाईच्या नावातच साडी आहे की गं!

म्हणून तिला शोकाची काळी नेसवू नको. तिला लग्नाची नेसव. ती नवरीच्या साडीत खाली गेली आहे, असं समज, आणि मग काय झालं ते शोध.

कसुतीचं नीट काढ हो. कापडावर छापा मारत नाहीत, धागे मोजून टाका घालतात, गाठ मारत नाहीत. गवंती आणि मुरगी या टाक्यांना उलट-सुलट नसतं, दोन्हीकडून नक्षी सारखी. नेगी विणल्यासारखा दिसतो, मेंथी म्हणजे फुलीचा टाका. गोपूर, रथ, पालखी, शंख, तुळशीवृंदावन भरतात. काळ्यावर पांढरा, लाल, हिरवा दोरा. लेसच्या जागी पदरावर एक अख्खं गोपूर येऊ दे.

काजळही सांगते. करंजाच्या नाहीतर एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं उपडं धरायचं, काजळी धरली की तुपात नाहीतर एरंडेलात खलायची. तिच्याकडे एकच दिवा आहे ना? मग त्याच दिव्याचं काजळ तिच्या डोळ्यांत. करंजाची झाडं ओढ्याकाठी असतात, बिया विवरातून खाली पडतात. तेलाचा प्रश्न मिटला.

सायली_पुणेकर

मावशी, पायाला हात लावते.

धूसर_रेषा, कोल्हापूर

मी डिजिटल चित्रं काढतो, गॉथिकच काढतो. एक शंका. एवढं सगळं देशी केलं तर गॉथिक उरतं कुठे? फिकट चेहरा ही या प्रकाराची ओळख आहे. खाली ऊन नाही, म्हणजे ती गोरी पडेलच. गुहेतले मासे पांढरे असतात ना?

दगडवेडा, बेळगाव

गुहेतले मासे एका आयुष्यात पांढरे होत नाहीत, असंख्य पिढ्या जातात. सावळ्या बाईला ऊन मिळालं नाही तर ती थोडी उजळेल, निस्तेज दिसेल, हाडं दुखतील. खडूसारखी पांढरी होणार नाही. नेमिनाथांच्या मूर्तीच्या रंगाची नायिका काढा आणि तिच्या गालाच्या कडेला दिव्याची एक रेघ द्या. गोऱ्या चेहऱ्यावर ती रेघ हरवते.

रेघारंग, शहापूर-बेळगाव

ती सावळीच राहणार, आणि यावर मी कुणाचं ऐकणार नाही. लहानपणापासून गोष्टीतली राजकन्या गोरी आणि हडळ काळी हेच पाहत आले. चंद्रव्वा काळी, देखणी आणि नायिका.

धूसर_रेषा, गॉथिक उरतं ते असं मला वाटतं: एक मोठी इमारत, तिच्यात एक बाई, आणि भूतकाळ, जो मेलेला नाही. या तीन गोष्टी असल्या की रंग कुठलाही चालेल.

आता तिसरा प्रश्न. माझ्या डोक्यात असं आहे की तिचं गाव धरणात गेलं. हिडकलच्या पाण्यात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर आहे, पाणी उतरलं की दिसतं. गाव उठलं, ती उठली नाही. पाण्याखालून जमिनीखाली गेली.

घटप्रभाकाठ, हुक्केरी

ताई, हे करू नका अशी विनंती.

उन्हाळ्यात पाणी आटलं की लोक ते देऊळ बघायला येतात, फोटो काढतात. ज्यांची घरं खाली गेली त्यांची पोरं-नातवंडं अजून आहेत. त्यांच्या दृष्टीने ते पाण्यातलं गूढ मंदिर नाही, त्यांचा विठोबा आहे. त्यात बुडून भूत झालेली बाई दाखवलीत तर त्यांना लागेल. धरणाची गोष्ट लिहायचीच असेल तर एक दिवस सरळ लिहा, उठलेल्या माणसांची, नावानिशी.

नवी_वाट, सौंदत्ती

मग यल्लम्माच्या डोंगराखालचं नगर करता येईल का? जोगतिणीसारखी नायिका?

निपाणीची मावशी

नको बाळ. तिथे लोक आजही भंडारा उधळत जातात, ती जिवंत भक्ती आहे. आणि ज्या मुली देवीला सोडल्या गेल्या त्यांचं दुःख कायद्याने १९८२ मध्ये बंद म्हटलं तरी त्यांच्या घरांतून गेलेलं नाही. चित्राच्या शोभेसाठी ते वापरू नये.

शिळाशोध, चिकोडी

बराच वेळ वाचतोय. मला वाटतं उत्तर तुमच्या गावाबाहेरच उभं आहे.

आपल्या पट्ट्यात ओढ्याकाठी, देवळामागे, शिवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड, सापडतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगापाशी. शेजारीच कधी सतीशिळा असते: खांबातून बाहेर आलेला कोपरात वाकलेला हात, मनगटात न फुटलेल्या बांगड्या, कधी मुठीत लिंबू. बाईचा चेहरा पुष्कळदा नसतोच, हातच सगळं सांगतो. आणि या शिळांच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य कोरलेले. ते आहेत तोवर ही आठवण राहो, असा अर्थ.

आता असं धरा. नवरा लढाईत गेला. गावाने दगड आधीच घडवून ठेवला. हात कोरला, बांगड्या कोरल्या. आणि ती सती गेली नाही. रात्री विहिरीत उतरली आणि आतल्या वाटेने चालत राहिली. सकाळी गावाने ती सती गेली असं ठरवलं, दगड उभा केला, हळदकुंकू वाहिलं. वर ती देवी आहे. खाली ती जिवंत आहे, त्याच चंद्रकाळीत, हिरव्या बांगड्यांनिशी. तिची पूजा होते ती तिच्या मरणाची, आणि ते मरण झालेलंच नाही. विवरातून तिच्या नावाच्या आरत्या खाली ऐकू येतात.

धूसर_रेषा, कोल्हापूर

मघाची शंका मागे घेतो. हे गॉथिक आहे, पुरतं.

वकीलसाहेब, बेळगाव

कल्पना बळकट आहे, पण सांभाळून. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा आहे. शिळाशोध यांच्या कथेत उलट आहे, ती नाकारते, त्यामुळे हरकत येऊ नये. तरी आरतीचं पान काढताना भव्यता त्या पूजेला देऊ नका. गावकऱ्यांचे चेहरे दाखवा. कुणाला ठाऊक होतं आणि कोण गप्प राहिलं, ते त्या चेहऱ्यांवर दिसलं पाहिजे.

रेघारंग, शहापूर-बेळगाव

शिळाशोध, काय लिहू. ती सापडली.

घटप्रभाकाठ, धरण काढून टाकलं. नदी आणि गाव दोन्ही काल्पनिक ठेवते. उठलेल्या माणसांची गोष्ट तुमच्याकडून ऐकायची आहे, पण वेगळ्या कामासाठी.

रात्रीच थोडं जुळवून बघितलं. खाली सूर्य-चंद्र नाहीत, म्हणून तिने काळ्या कातळात स्वतः दोन्ही कोरायला घेतलेत. चंद्र पुरा झाला आहे. सूर्य अर्धा, कारण दुपारच्या त्या थोड्या उजेडातच तिला काम करता येतं. आणि ती एकटी नाही. तिच्यासारख्या, ज्यांचे दगड वर उभे आहेत आणि ज्या गेल्या नाहीत, अशा बायका वेगवेगळ्या विहिरींतून उतरून आल्यात. ते नगर त्यांनी वसवलं. दगडवेडा म्हणाले तो सगळ्यात आतला गाभारा त्यांच्या मूळ नावांसाठी आहे. वरच्या शिळेवर नाव नव्हतंच कुणाचं.

मावशी, एक विचारते. प्रत्येकीच्या पदरावर वेगळी नक्षी देता येईल का, म्हणजे चेहरा अंधारात असला तरी कोण आहे ते कळेल?

निपाणीची मावशी

येईल की. पालखी एकीला, शंख एकीला, तुळस एकीला, हत्ती एकीला. चंद्रव्वाला गोपूर ठेव, ती पहिली आली ना. माझ्याकडे सासूबाईंच्या वेळचं एक भरलेलं खण आहे, त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून इथे टाकते. लेकाला सांगितलंय.

शिळाशोध, चिकोडी

गाभाऱ्यातली नावं कोणत्या अक्षरांत कोरणार? त्या काळचे इथले लेख बहुतेक जुन्या कन्नड लिपीत आहेत, काही नागरीत. दोन्ही ठेवा, एकीचं या लिपीत, दुसरीचं त्या. कन्नड अक्षरांची वळणं मी काढून देतो. नावांची यादी पाठवा.

रेघारंग, शहापूर-बेळगाव

पाठवते. आजीला विचारून जुनी नावं गोळा करतेय: गौरव्वा, तुळसा, भागव्वा, काशी, निंगव्वा, ठकू. तुमच्या घरातल्या आज्या-पणज्यांची नावं सुचवा मंडळी, दोन्ही भाषांतली. आडनाव नको.

रानवाटा, खानापूर

आमच्या पणजीचं नाव सातेरी. लिही.

सायली_पुणेकर

यमुना. आणि आईच्या आईची आई, बायव्वा.